खर्जाची पेटी आणि आपले घर

घरी सिनेमा पाहण्यासाठी सबवूफर कोणता घ्यावा, हा विषय वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठाला शोभण्याजोगा आहे काय, अशी शंका कोणी घेतली तर ती अगदीच अस्थानी आहे असे आम्ही म्हणणार नाही. बाजारहाटाच्या गोष्टी बाजारात बोलाव्यात, व्यासपीठावर बोलू नयेत, हा संकेत जुना आहे. परंतु ज्या वस्तूसाठी मनुष्य महिनोन्‌महिने पैसे बाजूला टाकतो, जी घरात आली की पहिल्या रात्रीच म्हाताऱ्या माणसांची झोप मोडते आणि दुसऱ्या रात्री शेजाऱ्याशी बोलाचाली होते, त्या वस्तूच्या पोटात कोणते शास्त्र दडले आहे हे समजून घेणे वायफळ म्हणता यायचे नाही. शिवाय हा खर्जाचा विषय आहे, आणि मालवणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला खर्ज म्हणजे काय हे मुद्दाम शिकवावे लागत नाही. तो लहानपणापासून गाज ऐकत आलेला असतो.

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. सबवूफर विकत घेताना लोक पेटीकडे पाहतात; पाहायला हवे असते खोलीकडे. पेटी केवढी, किती वॅटची, किती इंची, या चौकशीत सगळा उत्साह खर्ची पडतो आणि ती पेटी ज्या चार भिंतींच्या आत वाजायची, त्यांचा विचार कोणीच करीत नाही. मग बाराशे वॅटची म्हणून आणलेली पेटी एका खुर्चीवर बसले असता छातीवर बुक्के मारते आणि दुसऱ्या खुर्चीवर मुकी होते. दोष पेटीचा नसतो. हे असे का होते ते नीट समजण्यासाठी थोडे मागून यावे लागेल.

गाजेचेच उदाहरण घेऊ. आषाढात समुद्र खवळला की त्याचा आवाज किनाऱ्यापासून बराच आत, माडांच्या आणि आमरायांच्या पलीकडल्या घरांतही रात्री ऐकू येतो. जवळ उभे राहिले तर त्याच लाटेत फेसाची सळसळ असते, वाळूची खसखस असते, पाणी फुटल्याचा तडाखा असतो. पण दूरवर पोचते ती फक्त गाज. कारण असे की, बारीक आवाज हवा वाटेतच शोषून घेते, झाडे-भिंती त्याला अडवतात. जाड आवाज मात्र हवेत फारसा जिरत नाही आणि अडथळ्याला वळसा घालून पुढे जातो. वरात दोन वाड्यांपलीकडून जात असली तर गाणे कोणते ते कळत नाही, पण ‘धप्‌ धप्‌’ तेवढे कळते, त्याचेही कारण हेच.

वळसा घालण्याची ही शक्ती त्याच्या लांबीत आहे. ध्वनी आपल्याकडच्या उबदार हवेत सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. एका सेकंदात किती कंप होतात त्याला हर्ट्झ म्हणतात. तेव्हा १००० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जेमतेम ३५ सेंटिमीटर लांब, म्हणजे साधारण दीड वीत. १०० हर्ट्झची साडेतीन मीटर. ५० हर्ट्झची सात मीटर, आणि २० हर्ट्झची साडेसतरा मीटर. मनुष्याचा कान ज्याला स्वर म्हणून ओळखतो त्याची खालची मर्यादा साधारण याच ठिकाणी, वीसाच्या आसपास आहे. साडेसतरा मीटरची लाट सोळा फुटी खोलीत वाजवण्याचा उद्योग आपण करीत असतो, ही गोष्ट मनात धरून ठेवावी.

कानाचाही यात एक खोडसाळपणा आहे. १९३३ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी मोजून दाखवले की कान सगळ्या स्वरांना सारखा न्याय देत नाही. मधल्या सप्तकातला आवाज अगदी हळू असला तरी ऐकू येतो. खालचा आवाज ऐकू येण्यासाठी तो पुष्कळच मोठा करावा लागतो. पुढच्या मोजण्यांवरून पाहता १००० हर्ट्झला दोन-तीन डेसिबेल पुरतात, तर ५० हर्ट्झला सुमारे ४४ आणि २० हर्ट्झला ७८ च्या आसपास डेसिबेल झाल्याशिवाय कानाला पत्ताच लागत नाही. म्हणून खर्ज ऐकवायचा तर हवा पुष्कळ हलवावी लागते. किती? तोच जोर ठेवून स्वर एक सप्तक खाली न्यायचा असेल तर चौपट हवा हलवावी लागते. दोन सप्तके खाली न्यायचा तर सोळापट. टीव्हीच्या पोटातल्या दोन इंची कर्ण्याला हे कसे जमावे?

हे काम माणसाने कर्ण्याच्या शोधाच्या कितीतरी आधी केलेले आहे. गणपतीच्या दिवसांत घरोघर होणारी भजने, किंवा डबलबारीचा सामना, ज्याने ऐकला आहे त्याने पखवाज्याला बसल्या बसल्या कणीक भिजवताना पाहिलेले असते. डाव्या तोंडाच्या मधोमध तो ती थापतो, थाप मारून पाहतो, थोडी काढतो, पुन्हा लावतो. कणकेने कातडे जड होते. जड वस्तू सावकाश हलते. सावकाश हललेली वस्तू खालचा स्वर देते. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली आणि पुन्हा १९३४ साली आपल्या वाद्यांच्या या लेपांवर लिहिले आहे. कातड्यावरचा भार स्वराला कसे शिस्तीत आणतो ते त्यांनी जगाला दाखवले. त्यांचा भर शाईच्या लेपावर होता. आमचा मुद्दा त्याहून साधा आहे. सबवूफरचा पडदा हाताने दाबून पाहिला तर तो जड आणि सैल लागतो, तो याच कारणाने. भार घालून आणि ताण सैल सोडून त्याला खाली उतरवलेले असते.

दुसरे उदाहरण घुमटाचे. गोव्यात आणि आपल्या दक्षिणेकडील भागात भाजलेल्या मातीचे हे वाद्य वाजते. मोठ्या तोंडाला कातडे, लहान तोंड उघडे. वादक एका हाताने कातड्यावर वाजवतो आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने लहान तोंड झाकतो-उघडतो, आणि त्या उघडझापेबरोबर घुमारा बदलतो. मडक्यातली हवा आणि तोंडाशी असलेली हवा मिळून एक स्वतंत्र स्वर देतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की जो निघतो तो याच जातीचा. घोरपडीच्या कातड्याला आता कायद्याने बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. बकऱ्याचे कातडे वापरतात. अमेरिकेत आल्बर्ट थुरास या बेल प्रयोगशाळेतल्याच संशोधकाने पेटीला भोक पाडून आतल्या हवेकडून हेच काम करवून घेतले आणि १९३२ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. आज बाजारात ज्या पेटीला नळीसारखे तोंड असते ती या घराण्यातली. तिच्या उलट, १९५४ साली एडगर व्हिलचर यांनी पेटी चोहोबाजूंनी बंद करून आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगसारखे वापरले. बंद पेटीची चाल पखवाजाची, तोंडाच्या पेटीची घुमटाची, असे म्हटले तर शास्त्रज्ञ थोडे नाराज होतील, पण गिऱ्हाइकाला खूण पटेल.

दोहोंत फरक काय? तोंडाची पेटी त्याच पैशांत आणि त्याच विजेत जास्त दणका देते, पण तिची नळी ज्या स्वराला लावलेली असते त्याच्या खाली ती एकदम कोसळते. बंद पेटी खाली जाता जाता हळूहळू उतरते. दणका कमी, पण थाप आखूड आणि स्वच्छ. ज्यांच्या घरी प्राधान्याने भजन, नाट्यगीते, शास्त्रीय गाणे ऐकतात, त्यांनी बंद पेटीकडे वळावे असे आमचे मत आहे. स्फोट, गडगडाट आणि विमाने हवी असतील तर तोंडाची पेटी. किनाऱ्यावर या तोंडाच्या पेटीची आणखी एक कटकट असते. कुंभारमाशी आणि पाल या दोघींनाही ती नळी राहायला फार सोयीची वाटते. बारीक जाळी बसवून घ्यावी.

आता सिनेमाला या वेगळ्या पेटीची गरज का पडली, हे थोडक्यात सांगतो. १९७४ साली ‘अर्थक्वेक’ नावाचा इंग्रजी चित्रपट निघाला. त्यात भूकंपाच्या वेळी प्रेक्षकांच्या खुर्च्या हलाव्यात म्हणून युनिव्हर्सल कंपनीने थिएटरांत खास मोठे कर्णे बसवले. हॉलिवूडच्या जुन्या चायनीज थिएटरात छताचा गिलावा अंगावर पडू नये म्हणून जाळे ताणावे लागले. पुढे १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’च्या ७० मिलिमीटरच्या प्रतींवर खर्जासाठी वेगळे ध्वनिमार्ग राखले गेले, आणि १९९२ मध्ये ‘बॅटमॅन रिटर्न्स’पासून डॉल्बी डिजिटल ही पद्धत थिएटरांत आली. ‘पाच पूर्णांक एक’ असे जे खोक्यावर छापलेले असते, त्यातले पाच म्हणजे पाच पूर्ण वाहिन्या, आणि तो ‘एक’ म्हणजे फक्त १२० हर्ट्झच्या खालचे धक्के वाहून नेणारी अपुरी वाहिनी. दशांशचिन्हाच्या पुढचा हा एक म्हणजेच आपली खर्जाची पेटी. पण ती केवळ तेवढेच करीत नाही. घरातले बाकीचे लहान कर्णे ज्या स्वरांना पोचू शकत नाहीत, तेही तिच्याकडे वळवले जातात. साधारणपणे ८० हर्ट्झपासून खाली. हा आकडा हवेतून आलेला नाही. ऐंशीच्या खाली आवाज कोणत्या बाजूने आला हे कानाला धड सांगता येत नाही, म्हणून पेटी खोलीत कुठेही ठेवली तरी चालते.

‘कुठेही ठेवली तरी चालते’ हे वाक्य दुकानदार फार आवडीने सांगतात. दिशा कळत नाही एवढ्यापुरतेच ते खरे आहे. आवाज कसा लागेल या दृष्टीने ते साफ खोटे आहे.

सोळा फूट लांब आणि दहा फूट रुंद अशी एक खोली घेऊ. दोरीचे एक टोक खुंटीला बांधून दुसरे हलवले तर काही ठरावीक वेगांनाच ती डौलाने झुलते, तसेच खोलीतल्या हवेचे होते. खोलीच्या लांबीच्या दुप्पट ज्याची लाट, तो स्वर तिथे ठाण मांडून बसतो. सोळा फुटांना तो सुमारे ३६ हर्ट्झला पडतो, दहा फुटांना ५७ च्या आसपास. त्या स्वरांवर भिंतींलगत दाब अतोनात वाढतो आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. आता आपली बसण्याची पद्धत पाहा. यजमान सोफा मागच्या भिंतीला टेकवतात, म्हणजे खर्जाच्या अगदी तोंडी. आणि पाहुण्यांसाठी मधोमध खुर्च्या मांडतात, म्हणजे खर्जाच्या दुष्काळात. यजमान म्हणतात, आवाज फार होतो, कमी करा. पाहुणे म्हणतात, काहीच ऐकू येत नाही. दोघेही खरे बोलत असतात. सोफा भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे ओढला आणि खोलीचा नेमका मध्य टाळला, तर एका पैशाचाही खर्च न करता अर्धी तक्रार मिटते.

पेटीची जागा शोधण्याची एक युक्ती आहे. ती करताना माणूस थोडा हास्यास्पद दिसतो, पण तिच्याइतकी खात्रीची दुसरी आम्हांला ठाऊक नाही. पेटी उचलून आपण जिथे बसतो त्या बैठकीवरच ठेवायची. ज्यात खालचे सूर एकामागून एक स्पष्ट येतात अशी एखादी चीज लावायची. मग खोलीच्या कडेकडेने रांगत, कान पेटीच्या उंचीवर ठेवून, फिरायचे. एका ठिकाणी सूर घुमतात, एका ठिकाणी एखादा सूर गायबच होतो, आणि एक जागा अशी सापडते की जिथे सगळे सूर सारख्या वजनाने ऐकू येतात. तिथे पेटी ठेवायची आणि आपण पुन्हा बैठकीवर जायचे. ध्वनीचा व्यवहार दोन्ही दिशांनी सारखा असतो. बोलणारा आणि ऐकणारा यांनी जागा बदलल्या तरी मधल्या खोलीचा परिणाम तोच राहतो. दार लावून घेऊन ही कवायत करावी, एवढेच.

कोपऱ्यात ठेवली की पेटी सर्वांत मोठी वाजते, कारण जमीन आणि दोन भिंती मिळून तिचा आवाज परत फेकतात. पण कोपरा खोलीचे सगळेच ठाणबंद स्वर एकदम जागे करतो. म्हणून लहान पेटीला कोपरा उपकारक, मोठीला बहुधा अपकारक. ज्यांची ऐपत मोठ्या एका पेटीची आहे त्यांना आम्ही त्याच पैशांत लहान दोन घ्या असे सुचवू. हार्मन कंपनीतले टॉड वेल्टी यांनी २००२ साली पेट्यांची संख्या आणि मांडणी यांचा पद्धतशीर अभ्यास मांडला; समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेल्या दोन पेट्या बैठकी-बैठकीतला फरक पुष्कळ कमी करतात असे त्यातून दिसले. कारण उघड आहे. छत्तीस हर्ट्झच्या त्या स्वराचा दाब एका भिंतीशी वाढत असतो तेव्हा समोरच्या भिंतीशी कमी होत असतो. दोन्ही टोकांनी एकदम सारखाच धक्का दिला की तो स्वर उभाच राहू शकत नाही.

येथपर्यंतचा हिशेब बंद खोलीचा झाला. कुडाळ-कणकवलीतल्या नव्या इमारतींतील सदनिकांना तो जसाच्या तसा लागू आहे. पण आपल्याकडचे जुने घर निराळे. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, वर वासे, वाशांवर रिपा आणि रिपांवर मंगलोरी कौले. पुष्कळ घरांत खोल्यांच्या मधल्या भिंती आढ्यापर्यंत पोचतही नाहीत. ओटी आणि माजघर वरून एकच. अशा घरात खर्ज कोंडला जात नाही. तो कौलांच्या फटींतून, पडवीतून, खळ्यात निघून जातो. यात नफा असा की ठाणबंद स्वरांचा त्रास फार कमी होतो, आवाज मोकळा आणि खरा वाटतो. तोटा असा की अगदी खालचे स्वर भरतच नाहीत. शहरातल्या बंद दिवाणखान्यात जी पेटी घर हादरवते तीच कौलारू घरात मिळमिळीत लागते. तेव्हा दुसऱ्याच्या घरी ऐकून ‘मलाही अगदी हीच हवी’ असे कोणी म्हटले, तर त्याला पहिला प्रश्न विचारावा : त्यांच्या घराला स्लॅब आहे की कौले?

कौलारू घरात आणखी एक गोष्ट घडते. खर्ज सुरू झाला की घरातली प्रत्येक सैल वस्तू स्वतःचा आवाज जोडते. मांडणीवरची ताटे, कपाटाची काच, देवघरातली घंटा, एखादे सरकलेले कौल. पुष्कळदा पेटी फाटली समजून लोक ती परत न्यायला निघतात, आणि थरथरत असते ते भिंतीवरचे घड्याळ. वीसपासून एकशेवीस हर्ट्झपर्यंत सावकाश चढत जाणारा आवाज आता मोबाइलवरूनही लावता येतो. तो लावावा आणि घरभर हिंडून चोर पकडावेत.

किती खाली जाणारी पेटी घ्यावी, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर काय ऐकायचे यावर आहे. काळी एक पट्टीत गाणाऱ्या गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला लागते. म्हणजे मैफलीच्या ध्वनिमुद्रिकांसाठी किंवा दशावताराच्या चित्रफितींसाठी वीस हर्ट्झची पेटी म्हणजे होडी ओढायला आगबोट बोलावण्यासारखे आहे. पन्नासापर्यंत स्वच्छ उतरणारी लहान पेटी पुरते. दशावतारात पायपेटी, पखवाज आणि झांज यांच्या जोडीला खरी करामत शब्दांची असते. राजाचे भाषण आणि संकासुराची फिरकी जर खर्जाखाली दडपली गेली तर ऐकायचे उरले काय? माणसाच्या बोलण्याचा अर्थ मुख्यतः वरच्या स्वरांत, व्यंजनांत असतो. संवाद कळत नसतील तर आधी सबवूफर कमी करून पाहावा, मग कर्ण्यांना दोष द्यावा. इंग्रजी आणि दक्षिणेकडचे मोठाले चित्रपट मात्र तिसाच्याही खाली उतरतात. त्यांचा षोक असेल तर मोठ्या पेटीला पर्याय नाही.

दुकानात काय पाहावे ते आता सांगतो. वॅटचा आकडा ही सर्वांत फसवी गोष्ट. टेपरेकॉर्डरच्या जमान्यात ‘पीएमपीओ’ म्हणून हजारांचे आकडे छापण्याची चाल पडली आणि तिची सवय अजून गेलेली नाही. त्या आकड्याला शास्त्रात काही किंमत नाही. ‘आरएमएस’ म्हणून लिहिलेला आकडा विचारावा, आणि पेटीच्या पाठीमागची पट्टी वाचावी. ती विजेतून किती वॅट घेते ते तिथे लिहिलेले असते. क्षणभराचा धक्का साठवलेल्या विजेवर थोडा जास्त निघू शकतो, पण साठ वॅट खाणारी पेटी हजार वॅट ओकत राहील हे निसर्गनियमात बसत नाही. शिवाय वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबेलने वाढतो. त्यापेक्षा पडद्याचा आकार महत्त्वाचा : आठ इंचीपेक्षा बारा इंचीचे क्षेत्रफळ सव्वादोन पट भरते. ‘पंचवीस हर्ट्झपर्यंत जाते’ एवढेच छापलेले असेल तर ते अर्धे वाक्य आहे. किती डेसिबेलने उतरून जाते हे शेजारी लिहिलेले नसेल तर तो आकडा सोडून द्यावा.

ऐकण्यासाठी आपल्या ओळखीचे गाणे बरोबर न्यावे. दुकानदार जे लावतो ते त्या पेटीला शोभणारेच लावतो. त्यात त्याचा दोष नाही, साडीवालाही साडी उजेडातच उलगडतो. पखवाजाची किंवा डग्ग्याची एखादी स्वच्छ ध्वनिमुद्रिका नेली तर थाप पडते आणि थांबते की पडते आणि रेंगाळते, ते लगेच कळते. रेंगाळणारी पेटी नको. आणि शेवटी परत घेण्याची अट पक्की करून घ्यावी, कारण दुकानातला खर्ज हा दुकानाच्या खोलीचा असतो. पेटी वजनदार असते; ती मुंबईहून किंवा कोल्हापूरहून मागवली आणि बिघडली तर परत पाठवण्याचा खर्चच डोईजड होतो. दुरुस्ती जिल्ह्यात होते काय, हा प्रश्न आम्ही किमतीच्या आधी विचारू.

खाऱ्या हवेचा विचार आपल्याला करावाच लागतो. पडद्याच्या कडेची पट्टी फोमची असेल तर दमट हवेत ती काही वर्षांनी भुगा होऊन गळते; रबराची टिकते. पेटीचे लाकूड बहुधा दाबलेल्या भुशाचे असते, ते पावसाळ्यात जमिनीची ओल शोषून फुगते; पेटी रबरी पायांवर उचललेली असावी. तारांची उघडी टोके हिरवी पडतात, ती दिवाळीत एकदा साफ करावीत. वीजपुरवठ्याबद्दल नव्याने काय सांगावे! मे २०२१ मधल्या तौक्ते वादळानंतर कित्येक गावे दिवसेंदिवस अंधारात होती, आणि वीज परत येते ती नेहमीच सुतासारखी सरळ येत नाही. वळिवाच्या आणि परतीच्या पावसात विजा चमकू लागल्या की पेटीची पिन आणि डिशची तार दोन्ही काढून ठेवावीत.

डिशच्या या तारेचा आणखी एक उपद्रव आहे. पेटी जोडली, काहीच लावलेले नाही, तरी ‘हुंऽऽ’ असा एक सूर चालू राहतो. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि पन्नास हर्ट्झ म्हणजे सबवूफरच्या राज्याचा मध्यभाग. त्यामुळे इतर कर्ण्यांना जो दोष ऐकूही येत नाही तो हा मोठ्याने सांगतो. डिशची किंवा केबलची तार क्षणभर काढून पाहावी. सूर बंद झाला तर चोर तोच, म्हणजे दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये फरक आहे. सगळी उपकरणे एकाच बोर्डावर जोडावीत, वायरमनला दाखवावे. पण काही लोक पिनेचा तिसरा पाय काढून टाकतात, तो उपाय जिवावर बेतणारा आहे.

राहिला शेजाऱ्याचा प्रश्न. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे, आणि खासगी जागेतल्या यंत्राचा आवाज जागेच्या हद्दीवर त्यापेक्षा पाच डेसिबेलहून जास्त होता कामा नये. पण हे डेसिबेल ज्या मापाने मोजतात ते माप कानाची नक्कल करते आणि खालच्या स्वरांना सूट देते. पन्नास हर्ट्झला ही सूट तीस डेसिबेलची आहे. म्हणजे शेजाऱ्याच्या खिडकीशी पन्नास हर्ट्झचे पाऊणशे डेसिबेल पोचले तरी मापक पंचेचाळीसच दाखवील. कायदा मोडलेला नसतो आणि शेजाऱ्याची उशी मात्र थरथरत असते. हळू आवाजांपुरती ही सूट कानाला धरून आहे, हे मान्य. पण जागेपणी जे ऐकू आले न आले असे वाटते, तेच मध्यरात्री भिंतीतून येऊ लागले की झोप लागत नाही. आमच्या मते येथे मापकाचा आधार घेऊन भांडणे हा अन्याय आहे. दहानंतर शेजाऱ्याने सांगितले तर तोच पुरावा समजावा.

भिंतीला फोम चिकटवल्याने खर्ज अडत नाही. साडेतीन मीटरच्या लाटेला दोन इंचांचा फोम म्हणजे काहीच नव्हे. पेटीखाली जाड रबर ठेवल्याने स्लॅबमधून खाली जाणारी थरथर कमी होते, हवेतून जाणारी नाही. खरा उपाय म्हणजे पेटी बैठकीच्या जवळ आणणे. सोफ्याच्या अगदी मागे ठेवलेली लहान पेटी आपल्याला भरपूर वाटते आणि तिला मोठे करावे लागत नाही. रिसीव्हरमध्ये ‘रात्र’ नावाची सोय असते, ती मोठे धक्के दाबते आणि संवाद वर आणते. दहानंतर ती चालू करावी. ज्यांच्या डोक्यावर आणि पायाखाली दुसऱ्यांची घरे आहेत, त्यांनी सबवूफरऐवजी सोफ्याच्या लाकडी चौकटीला बोल्टने बसवायचा कंपक घेण्याचा विचार करावा. पडदा नसलेले हे छोटे यंत्र हवा हलवत नाही, बैठकच हलवते. गडगडाट अंगाला जाणवतो आणि शेजाऱ्याला पत्ता लागत नाही. सोफ्याच्या पायांखाली रबर घालायला मात्र विसरू नये. नाहीतर तीच थरथर स्लॅबमधून खालच्या घरात उतरते.